गैरसमजाच्या दोन बाजू

स्वमग्न, म्हणजे ऑटिस्टिक, व्यक्तींना इतरांचे मन कळत नाही ही समजूत मानसशास्त्रात पक्की झाली ती १९८५ मध्ये सायमन बॅरन-कोहेन, ॲलन लेस्ली आणि उटा फ्रिथ यांनी प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगामुळे. सॅली नावाची बाहुली आपली गोटी टोपलीत ठेवून बाहेर जाते, तिच्या माघारी ॲन नावाची बाहुली ती गोटी खोक्यात लपवते, आणि परत आलेली सॅली ती आधी कुठे शोधेल, असे मुलांना विचारले जाते. उत्तर अर्थातच टोपली. परंतु २० स्वमग्न मुलांपैकी १६ जणांनी गोटी प्रत्यक्षात जिथे होती त्या खोक्याकडे बोट दाखवले. बरोबर उत्तर देणाऱ्या चौघांचे काय, हा प्रश्न पुढच्या लोकप्रिय लेखनात बाजूलाच पडला.

या समजुतीला छेद दिला तो डेमियन मिल्टन या स्वतः स्वमग्न असलेल्या ब्रिटिश अभ्यासकाने. २०१२ मध्ये मांडलेल्या ‘दुहेरी समानुभूती’च्या कल्पनेत त्यांचे म्हणणे असे, की जगाचा अनुभव भिन्न रीतीने घेणाऱ्या दोन माणसांत संवाद फसतो तेव्हा न समजणे दोन्हीकडून असते, दोष मात्र अल्पसंख्याकाच्या पदरात टाकला जातो. मेंदूंच्या जडणघडणीतील फरकांना आजार न मानता मानवी वैविध्याचा भाग मानणाऱ्या न्यूरोडायव्हर्सिटीच्या विचाराशी ही मांडणी मिळतीजुळती आहे.

तिला पुष्टी देणारा एक पुरावा २०१७ मध्ये नोआ सॅसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे आणला. काही सेकंदांच्या चित्रफिती पाहून किंवा नुसता आवाज ऐकूनही प्रेक्षकांनी स्वमग्न व्यक्तींविषयी प्रतिकूल मत बनवले. तेच बोलणे केवळ लेखी स्वरूपात वाचायला दिल्यावर हा फरक नाहीसा झाला. म्हणजे खटकत होते ते बोलण्यातील आशय नव्हे, तर बोलण्याची ढब.

संशोधनाची वाट अर्थात सरळ नाही. कॅथरीन क्रॉम्प्टन यांच्या २०२० मधील अभ्यासात एक गोष्ट आठ जणांच्या साखळीतून पुढे सांगितली गेली, तेव्हा तिचे तपशील स्वमग्न आणि इतर अशा मिश्र साखळीत अधिक गळाले. परंतु ३११ जणांचा सहभाग असलेल्या पुढील मोठ्या अभ्यासात तसा फरक आढळला नाही. स्वमग्न माणसे एकमेकांशी माहितीची देवाणघेवाण इतरांइतक्याच चांगल्या रीतीने करतात, हे मात्र दोन्ही अभ्यासांत दिसले.

आपली ढब दडपून इतरांसारखे वागण्याच्या सततच्या खटाटोपाला ‘मास्किंग’ म्हणतात, आणि चिंता व नैराश्य यांच्याशी त्याचा संबंध अनेक अभ्यासांत आढळला आहे. म्हणून मुलाकडून नजरेला नजर देण्याचा सराव घोकून घेण्याऐवजी शिक्षकांनी आणि घरच्यांनी सूचना मोघम न देता नेमक्या शब्दांत द्याव्यात, ठरलेल्या कार्यक्रमातील बदल आधी सांगावा आणि उत्तरासाठी त्याला पुरेसा वेळ द्यावा.