येरळाकाठची प्रौढशाळा

सांगली जिल्ह्यातील येरळा नदीवर बळीराजा स्मृती धरण आहे. बलवडी आणि तांदुळवाडी या गावांनी १९८०च्या दशकात ते हाती घेतले. प्रौढांच्या शिक्षणाचा विचार करताना या धरणाचा दाखला मोलाचा आहे, कारण इथे अभ्यासाचा विषय शिकणाऱ्यांनीच ठरवला.

जानेवारी १९८२ मध्ये मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला आणि खानापूर तालुक्यातील अनेक कामगार गावी परतले. गावात दुष्काळ होता, हाताला काम म्हणजे रोजगार हमीची खडी फोडणे. वर्षानुवर्षे खडी फोडून दुष्काळ हटत का नाही, या प्रश्नातून मुक्ती संघर्ष ही इथल्या शेतकरी-कामगारांची चळवळ पुढे सरकली. गावकऱ्यांनी पिके आणि पाणी यांची पाहणी केली. भारत पाटणकर यांच्यासारखे कार्यकर्ते आणि के. आर. दाते यांच्यासारखे अभियंते त्यांच्याबरोबर बसले.

सर्वांत मोठा धडा वाळूचा होता. कोरड्या दिसणाऱ्या पात्रातही वाळू पाणी धरून ठेवते, झरा खणला की ते हाती लागते. ठेकेदारांचे ट्रक वाळू उपसून नेत, तसतशी काठच्या विहिरींची पातळी खाली जाई. गावकऱ्यांनी हा उपसा अडवला आणि मर्यादित वाळू स्वतः विकून धरणाचा पैसा उभा केला. पाणी जमिनीच्या प्रमाणात द्यायचे नाही, भूमिहीनांसह प्रत्येक कुटुंबाला सारखा वाटा द्यायचा, आणि त्या पाण्यावर ऊस घ्यायचा नाही, असे ठरले. ज्या पट्ट्यात ऊस म्हणजे प्रतिष्ठा, तिथे हा निर्णय धाडसाचा होता. पुढे आटपाडीच्या पाणी परिषदांतून समन्यायी वाटपाची हीच मागणी कृष्णा खोऱ्यातील दुष्काळी तालुक्यांत पोचली.

असे शिकणे विद्यापीठाच्या कामात कुठे बसते? सातारा, सांगली आणि कोल्हापूर हे शिवाजी विद्यापीठाचे क्षेत्र; त्याची स्थापना १९६२ची. अध्यापन आणि संशोधनाबरोबर विस्तार हेही विद्यापीठांचे कर्तव्य मानले गेले, आणि १९७८च्या राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रमात महाविद्यालयांना साक्षरतेचे काम मिळाले. ते गरजेचेच होते. पण अक्षरओळख देऊन विद्यापीठाचे काम संपत नाही. विहिरीची पातळी मोजणारा शेतकरी आणि भूजलाचा प्राध्यापक यांनी एकाच नोंदवहीत लिहावे, मजुरांचे प्रश्न प्रबंधाचे विषय व्हावेत आणि निष्कर्ष आधी ग्रामसभेत वाचले जावेत, एवढी जागा विद्यापीठाने आपल्या नियमांत करायला हवी.