अंडी राखणारे दोन बाप

अंदमानात हॅवलॉकच्या, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपच्या किनाऱ्याजवळ जेमतेम पाच-सहा मीटर खोलीवर मी क्लाऊनफिशची अंडी पाहिली. हे मासे ज्याच्या आसऱ्याने राहतात त्या ॲनिमोन या समुद्री प्राण्याच्या बुडाशी खडकाचा तळहाताएवढा भाग घासून स्वच्छ केलेला आणि त्यावर तांदळाच्या कणीएवढी शेकडो अंडी दाटीवाटीने चिकटलेली. नवी अंडी केशरी असतात. ही मात्र पिकत आलेली होती. प्रत्येकात दोन चंदेरी डोळे चमकत होते.

समोर बोटभर लांबीचा नर होता. छातीजवळचे पर हलवून तो अंड्यांवर सतत पाणी ढकलत होता. मध्येच थांबून तोंडाने अंडी चाचपायची, एखादं पांढरं पडलेलं उचलून काढायचं आणि लगेच पुन्हा पर हलवायला लागायचं. मेलेलं अंडं तसंच राहिलं तर बुरशी शेजारच्या अंड्यांवरही पसरते. ऊब द्यायचं काम त्याला नाही, ती समुद्रच देतो. अंड्यांना हवा असतो प्राणवायू, आणि गर्भ वाढेल तशी ही गरजही वाढत जाते. म्हणून शेवटच्या दिवसांत बापाला उसंत नसते. साधारण आठवडा-दहा दिवसांनी, सूर्यास्तानंतरच्या अंधारात पिल्लं बाहेर पडतात आणि प्रवाहाबरोबर दूर जातात. मादी आकाराने मोठी, तिचा भर राखणीवर. ती मेली तर हाच नर पुढे मादी होतो!

अंटार्क्टिकातल्या एम्परर पेंग्विनकडेही बापाचं हेच काम आहे, पण त्याची रीत अगदी उलटी. तिथे हालचाल हाच धोका. मादी एकच अंडं घालते, साधारण साडेचारशे ग्रॅमचं. ते नराच्या पायांवर सोपवून ती समुद्राकडे निघून जाते. नर पोटाची घडी त्यावर पांघरतो आणि सुमारे 65 दिवस तसाच उभा राहतो. अंडं बर्फावर घरंगळलं तर थोड्याच वेळात गोठतं. मीलनाच्या काळापासून धरलं तर त्याचा उपास जवळजवळ चार महिन्यांचा होतो आणि वजन चाळीस टक्क्यांपर्यंत उतरतं. मादी परतण्याआधीच पिल्लू बाहेर आलं, तर हा उपाशी बाप अन्ननलिकेतून पाझरणारा दुधासारखा स्राव त्याला भरवतो.

तिथली थंडी किती, हे 1911 च्या हिवाळ्यात एडवर्ड विल्सन, हेन्री बोवर्स आणि ॲप्स्ली चेरी-गॅरार्ड या शोधप्रवाशांनी अनुभवलं. याच पक्ष्याची अंडी आणण्यासाठी ते केप क्रोझियरला गेले. वाटेत पारा उणे 60 अंशांपर्यंत उतरला, आणि हाती लागली ती तीन अंडी.

पेंग्विनच्या उपासाचं कौतुक चित्रपटांनी जगभर पोचवलं, ते रास्तच आहे. पण माझ्या मते त्या बोटभर माशाची मेहनत कमी मोलाची नाही. एकाला दोन महिने अंडं पायांवरून सुटू द्यायचं नाही, दुसऱ्याला आठवडाभर पर थांबू द्यायचे नाहीत.

दोघांच्याही पायाखालचं आता डळमळू लागलं आहे. 2022 मध्ये अंटार्क्टिकाजवळच्या बेलिंग्सहाउसेन समुद्रात बर्फ लवकर फुटला आणि तिथल्या एम्परर पेंग्विनच्या पाचपैकी चार वसाहतींतली पिल्लं, पाण्यात टिकतील असे पर येण्याआधीच गेली, असा निष्कर्ष उपग्रहचित्रांवरून निघाला. पाणी तापलं की प्रवाळांसारखे ॲनिमोनही पांढरे पडतात. पॅसिफिकमधल्या मोरेआ बेटाजवळ 2016 मध्ये असं झालं, तेव्हा पांढऱ्या ॲनिमोनमधल्या क्लाऊनफिशची अंडी घालण्याची क्षमता सुमारे 73 टक्क्यांनी घटली.

अंदमानला गेलात आणि पाण्यात उतरलात, तर ॲनिमोनपासून हातभर लांबच राहा. फोटोसाठी जवळ गेलं की नर अंगावर धावून येतो. आपल्याला ती गंमत वाटते, पण तो तुम्हाला हाकलत असतो तेवढा वेळ अंड्यांवर पाणी ढकलणारं कोणी नसतं.