विविधता शिकवायची, तर स्थलांतर वगळून कसे चालेल?

सहावी ते आठवीच्या वर्गांत ‘विविधतेत एकता’ हा पाठ आपण पिढ्यान्‌पिढ्या शिकवीत आलो आहोत. पोशाख, सण, नृत्ये आणि खाद्यपदार्थ यांच्या जोड्या विद्यार्थी बिनचूक लावतो आणि गुणही मिळवतो. मात्र ही माणसे आज जेथे आहेत तेथे कशी आली, हा प्रश्न त्याच्यापुढे क्वचितच ठेवला जातो. या प्रश्नाविना विविधता हे केवळ प्रदर्शन ठरते. त्यामागचा इतिहास विद्यार्थ्याला दिसत नाही.

भारतीय मानवशास्त्र सर्वेक्षण संस्थेने १९८५ मध्ये ‘पीपल ऑफ इंडिया’ हा प्रकल्प हाती घेतला. त्याचे नेतृत्व करणारे कुमार सुरेश सिंह हे प्रशासकीय सेवेतील अधिकारी होते आणि बिरसा मुंडा यांच्या चळवळीचे इतिहासकारही. या प्रकल्पात ४,६३५ समाजांची नोंद झाली. आपले पूर्वज दुसरीकडून येथे आले, अशी आठवण त्यांतील बहुतेक समाजांनी लोककथांत आणि परंपरांत जपलेली आढळली. स्थलांतर हा आपल्या समाजरचनेचा पाया आहे, हे यावरून ध्यानात यावे.

इतिहासाचा विद्यार्थी या नात्याने मला याचे पुरावे सर्वत्र दिसतात. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास सांगणारा १८०३ सालचा प्रदीर्घ मराठी शिलालेख आहे. आसामच्या चहामळ्यांत आज राहणाऱ्या अनेक कुटुंबांचे पूर्वज एकोणिसाव्या शतकात छोटा नागपूरच्या पठारावरून मजूर म्हणून नेले गेले. फाळणीनंतर आलेल्या सिंधी बांधवांना स्वतःचे राज्य नव्हते, तरी १९६७ मध्ये त्यांची भाषा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत समाविष्ट झाली. राज्यविस्तार, वसाहतवादी भांडवल आणि फाळणी अशी या तीन स्थलांतरांची तीन वेगळी कारणे आहेत. बारा वर्षांच्या मुलाला ही कारणे निश्चितच समजू शकतात. २००६ च्या एनसीईआरटीच्या सहावीच्या पुस्तकाने लडाख आणि केरळ यांची तुलना करताना पश्मिना आणि मसाल्यांच्या व्यापाराचा धागा धरला होता, तो याच दिशेने जाणारा होता.

हा विषय केवळ भूतकाळापुरता नाही. २०११ च्या जनगणनेनुसार देशात ४५ कोटींहून अधिक व्यक्ती स्थलांतरित होत्या. त्यांत विवाहामुळे गाव सोडलेल्या स्त्रियांची संख्या मोठी असली, तरी राज्याची सीमा ओलांडून आलेलेही ५ कोटींहून अधिक होते. त्यांची मुले आज सुरतेपासून चेन्नईपर्यंतच्या शाळांत बसतात. शिक्षणहक्क कायद्याच्या पाचव्या कलमानुसार दाखला मिळण्यास विलंब झाला, या कारणास्तव कोणत्याही मुलाचा प्रवेश नाकारता येत नाही. दाखल्याअभावी ताटकळलेली मुले मी सेवाकाळात अनेक ठिकाणी पाहिली. कायद्याने शाळेचे दार उघडले, तरी वर्गाची भाषा अनोळखी राहतेच. मातृभाषेतील शिक्षणाच्या सोयीविषयीचा राज्यघटनेतील अनुच्छेद ३५० क प्राथमिक स्तरापुरताच आहे. पुढच्या स्तरावर, जेथे विषय कठीण होतात आणि संकोचही वाढतो, तेथे हे मूल एकटे पडते.

याच वयात ‘आपला’ आणि ‘बाहेरचा’ हे शब्द मुलांच्या तोंडी रुळतात. जानेवारी २०१४ मध्ये दिल्लीत अरुणाचल प्रदेशातील एका तरुणाची त्याच्या दिसण्यावरून टिंगल झाली. वाद वाढला, त्याला मारहाण झाली आणि त्यात त्याचा मृत्यू झाला. त्यानंतर नेमलेल्या बेझबरुआ समितीने ईशान्य भारताचा इतिहास आणि संस्कृती यांना अभ्यासक्रमात स्थान देण्याची शिफारस केली. पोलिसी उपायांच्या बरोबरीने पाठ्यपुस्तकाचा विचार समितीला करावासा वाटला, हे महत्त्वाचे आहे. तिरस्काराची मुळे अज्ञानात असतात, आणि अज्ञान दूर करण्याचे काम शाळेचेच आहे.

हे प्रत्यक्षात करता येते. केरळमधील एर्नाकुलम जिल्ह्यात परप्रांतीय कामगारांच्या मुलांसाठी २०१७ पासून ‘रोशनी’ हा उपक्रम राबवला गेला. हिंदी, बंगाली, ओडिया जाणणारे स्वयंसेवक मुलांच्या भाषेचा हात धरून त्यांना मल्याळमपर्यंत नेतात. मुलाची भाषा येथे अडथळा मानली जात नाही. तिचाच पूल केला जातो.

माझी सूचना साधी आहे. सहावीच्या प्रत्येक विद्यार्थ्याने आजी-आजोबांचे जन्मगाव, तेथून निघण्याचे वर्ष आणि कारण विचारून यावे. दुष्काळ, धरण, नोकरी, विवाह, फाळणी अशी कारणे फळ्यावर लिहावीत आणि नकाशावर रेषा काढाव्यात. पिढ्यान्‌पिढ्या गावातच असल्याचे मानणाऱ्या मुलांच्या घरातूनही एखादी रेषा निघेल, कारण त्यांची आजी सून म्हणून दुसऱ्या गावाहून आलेली असते. मात्र परप्रांतातील मुलाला उभे करून त्याच्याकडून कहाणी वदवून घेऊ नये. सांगणे ऐच्छिक असावे.

स्थानिकांच्या रास्त चिंताही वर्गात यायला हव्यात. मजुरीचे दर, घरांची टंचाई, आपल्या भाषेचे भवितव्य हे प्रश्न खरे आहेत. ते दडपले, तर मुले त्यांची उत्तरे रस्त्यावरच्या घोषणांतून घेतील. म्हणून राज्यघटनेचा अनुच्छेद १९ देशात कोठेही राहण्याचे स्वातंत्र्य देतो हे जसे शिकवावे, तसेच नव्या प्रांताची भाषा शिकणे हे तेथे येणाऱ्याचे सौजन्य आहे, हेही शिकवावे. हक्क आणि सौजन्य या दोहोंचा मेळ घालता येणारा नागरिक घडवणे, हेच या पाठाचे प्रयोजन असले पाहिजे.