केबलींची अग्निसुरक्षा मानके

इमारतींत बसविलेल्या वीजपुरवठ्याच्या व संदेशवहनाच्या केबलींचे आगीतील वर्तन तपासून त्यांची योग्यता ठरविणारे नियम. केबलीतील तांब्याची तार पेट घेत नाही; तिच्यावरील प्लॅस्टिकचे आवरण जळते. ज्वलनाची रासायनिक क्रिया सर्वत्र सारखीच असली, तरी ही मानके देशोदेशी भिन्न आहेत. आगीतील कोणता धोका प्रथम टाळावयाचा याविषयीची समाजाची धारणा, बांधकामाची रीत व नियमनाची परंपरा ही या भिन्नतेची प्रमुख कारणे होत.

केबलीमुळे तीन प्रकारचे धोके संभवतात : ज्वालेचा प्रसार, दाट धूर आणि विषारी किंवा क्षरणकारी वायू. पॉलिव्हिनिल क्लोराइड (पीव्हीसी) या बहुवारिकात वजनाने सु. ५७% क्लोरीन असते. क्लोरिनामुळे ज्वाला दबते. परंतु त्याच क्लोरिनापासून हायड्रोजन क्लोराइड वायू निर्माण होतो. तो डोळ्यांचा व श्वसनमार्गाचा दाह करतो आणि ओलाव्यात त्याचे अम्ल बनून यंत्रसामग्री गंजते. म्हणजे एक धोका कमी करणारा घटकच दुसरा धोका वाढवितो. यांपैकी कोणता धोका पत्करावयाचा, याचे उत्तर केवळ प्रयोगशाळेत मिळत नाही.

अमेरिकेत विद्युत् संहिता प्रथम १८९७ मध्ये तयार झाली. तीमागे विमा कंपन्यांचा पुढाकार मोठा होता; त्यामुळे आग पसरू न देणे व मालमत्ता वाचविणे यांवर भर राहिला. संहिता खासगी संस्था तयार करते व राज्ये किंवा नगरे ती कायद्याने स्वीकारतात. तेथील कार्यालयांत खोट्या छतावरील पोकळीतून वातानुकूलनाची हवा खेळवितात. या पोकळीत (प्लेनममध्ये) नळीविना टाकावयाच्या केबली सु. ७·६ मी. लांबीच्या बोगद्यात २० मिनिटे ज्वालेवर तपासतात. ज्वालाप्रसार सु. १·५ मी.पेक्षा अधिक होता कामा नये. धुराच्या घनतेवरही मर्यादा असते. मात्र क्लोरीन, फ्ल्युओरीन यांसारखी हॅलोजने वर्ज्य नाहीत. उलट फ्ल्युओरीनयुक्त बहुवारिके या केबलींसाठी विशेष वापरली जातात.

यूरोपात इमारतीत अडकलेल्या माणसाला बाहेरचा मार्ग दिसावा व श्वास घेता यावा, या विचाराला अधिक महत्त्व मिळाले. त्यातून अल्पधूर हॅलोजनमुक्त केबलींचा प्रसार झाला. त्यांच्या आवरणात ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडासारखी भरणद्रव्ये असतात. तापल्यावर त्यांतून पाण्याची वाफ सुटून ज्वलन मंदावते. भरणद्रव्यांचे प्रमाण मोठे असल्याने आवरणाचे यांत्रिक बल मात्र घटते. धूर मोजण्यासाठी ३ मी. बाजूच्या घनाकार कक्षात केबल जाळून प्रकाशाचे पारगमन पाहतात. १ जुलै २०१७ पासून यूरोपीय संघात इमारतींतील केबलींचे सात वर्गांत वर्गीकरण बंधनकारक झाले. तथापि कोणत्या इमारतीस कोणता वर्ग लागेल, हे प्रत्येक देश स्वतः ठरवितो.

आपत्तींचा अर्थही परंपरेनुसार लावला जातो. २७ फेब्रुवारी १९७५ रोजी न्यूयॉर्कमधील एका दूरध्वनी केंद्राच्या तळघरातील केबलींना आग लागली. सु. १,७०,००० दूरध्वनी बंद पडले आणि पीव्हीसीच्या धुराने अनेक अग्निशामक जवान आजारी पडले. तरीही अमेरिकेत पीव्हीसीचा सर्वसाधारण वापर चालू राहिला. ११ एप्रिल १९९६ रोजी जर्मनीतील ड्युसेलडॉर्फ विमानतळावर वितळजोडकामाच्या ठिणग्यांनी छतपोकळीतील पॉलिस्टायरीन पेटले आणि १७ जण मृत्युमुखी पडले; बहुतेकांचे बळी धुराने घेतले. ही आग केबलींमुळे लागलेली नव्हती. तरी धुराचा प्रश्न तीमुळे ठळकपणे पुढे आला.

भारतात पीव्हीसी केबलींसाठी आयएस ६९४ हे मानक असून त्यात ज्वालारोधी व अल्पधूर प्रकारांचा समावेश आहे. हॅलोजनमुक्त केबलींसाठी आयएस १७०४८ हे स्वतंत्र मानक २०१८ मध्ये निघाले.

एका देशातील कसोटी उतरलेली केबल दुसऱ्या देशाच्या कसोटीस उतरेलच असे नाही. कारण दोन्ही कसोट्यांचे प्रश्नच वेगळे असतात. शिवाय ‘ज्वालारोधी’ केबल आगीतही वीज वाहत ठेवील असे नव्हे. त्यासाठी अभ्रकाच्या फिती गुंडाळलेली वेगळी केबल लागते. म्हणून केबलीवरील शिक्क्याबरोबरच तो कोणत्या धोक्याविरुद्ध दिला आहे, हे पाहणे आवश्यक ठरते.