जुना मोबाईल 'रूट' करायचाय? आधी हे समजून घ्या

जालना : घरात नवा मोबाईल आला की जुना पोरांच्या हातात जातो, नाहीतर कपाटात पडून राहतो. कंपनीचे अपडेट बंद, मेमरी फुल्ल, सारखा हँग. मग कुणीतरी सांगतं, 'रूट करून घे, पळायला लागंल.' ही गोष्ट अर्धीच खरी आहे. घाईत केलं तर चालता फोनही हातचा जातो.

रूट म्हणजे काय?

मोटार आपली, वीजबिलही आपलंच, पण स्टार्टरच्या पेटीला कंपनीचं कुलूप, तसा हा प्रकार. अँड्रॉइडमध्ये सगळे अधिकार असलेल्या खात्याला 'रूट' म्हणतात. कंपनी ते बंद ठेवते. ते उघडलं की कंपनीनं भरलेले नको ते ॲप काढता येतात, पूर्ण बॅकअप घेता येतो. पण रूट केल्यानं रॅम वाढत नाही, बॅटरी नवी होत नाही आणि अँड्रॉइडची नवी आवृत्तीही आपोआप येत नाही.

नुकसान काय?

बँकेचे व यूपीआयचे बरेच ॲप रूट केलेल्या फोनवर चालत नाहीत. एखाद्या खोट्या ॲपला रूटची परवानगी मिळाली, तर ओटीपीपासून फोटोपर्यंत सगळं त्याच्या हातात जातं. सॅमसंगच्या फोनमध्ये 'नॉक्स'ची खूण कायमची बदलते आणि सिक्युअर फोल्डर पुन्हा चालत नाही. म्हणून ज्या फोनवर बँक, आधारचे ओटीपी आणि ई-पीक पाहणी आहे, तो फोन रूट करूच नये. फोन बंद पडला म्हणून पीक पाहणीची मुदत थांबत नाही.

आधी हे करून बघा

व्हॉट्सअ‍ॅपमधले जुने व्हिडिओ काढा. न लागणारे ॲप सेटिंगमध्ये जाऊन 'डिसेबल' करा. फोटो दुसरीकडं ठेवून फोन एकदा फॅक्टरी रिसेट करा. बऱ्याच वेळा एवढ्यावरच काम भागतं.

तरीही करायचंच असेल तर

१. फक्त जादाचा फोन घ्या. त्यातलं सिमकार्ड, मेमरी कार्ड आणि बँकेचे ॲप काढा.

२. फोटो, नंबर, कागदपत्रांचा बॅकअप घ्या. बूटलोडर, म्हणजे फोन सुरू करणारं पहिलं कुलूप, उघडताना फोनमधलं सगळं पुसलं जातं.

३. कुलूप कंपनीच्या रीतीनंच उघडा. 'अबाउट फोन'मध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा दाबलं की डेव्हलपर ऑप्शन दिसतात. तिथं 'ओईएम अनलॉकिंग' असतं. शाओमीसारख्या कंपन्यांत अर्ज करून वाट बघावी लागते. काही कंपन्या परवानगीच देत नाहीत. तिथं नाद सोडावा.

४. 'एका क्लिकवर रूट' म्हणणारे किंगरूटसारखे जुने ॲप टाळा. आज जास्त वापरलं जाणारं साधन म्हणजे मॅजिस्क. ते २०१६ मध्ये आलं, फुकट आहे आणि अँड्रॉइड ६ पासून पुढं चालतं. ते गिटहबवरच्या त्याच्या मूळ पानावरूनच घ्यावं. टेलिग्राम, यूट्यूबखालच्या लिंकवरून घेऊ नये.

५. मॅजिस्क फोनची 'बूट' फाइल बदलतं. ही फाइल आपल्याच मॉडेलची आणि त्याच आवृत्तीची पाहिजे. 'नोट' आणि 'नोट प्रो' एकच समजून चालत नाही. चुकीची फाइल टाकली की फोन वीट होतो. मूळ फाइल कॉम्प्युटरवर जपून ठेवा, माघारी फिरायचा रस्ता तोच आहे.

६. बॅटरी पूर्ण चार्ज करा, केबल चांगली वापरा. लाइट जाण्याच्या वेळेला काम काढू नका.

माघारी फिरताना

मॅजिस्क काढलं तरी बूटलोडर उघडाच राहतो, त्यामुळं काही बँक ॲप तरीही अडतात. कंपनीचं मूळ सॉफ्टवेअर पूर्ण टाकल्याशिवाय बूटलोडर परत बंद करू नका. तसं केल्यास फोन सुरूच होत नाही.

दुकानदाराकडून करून घेणार असाल तर समोर बसा, पासवर्ड देऊ नका आणि मूळ फाइल मागून घ्या. रूट केलेला जुना फोन विकत घेऊ नका. पैसे गेल्याचं लक्षात आलं तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा आणि बँकेलाही कळवा.