लोमशातन, क्षारकर्म आणि विद्युत्-अपघटन

हनुवटी, वरचा ओठ, कानशिलाच्या बाजू येथे जाड व काळे केस येण्याची तक्रार घेऊन येणाऱ्या स्त्रिया आता केवळ महानगरांतील चिकित्सालयांतच दिसतात असे नाही. पालीसारख्या तालुक्याच्या गावी, सुधागडच्या खेड्यापाड्यांतूनही त्या येतात. बहुधा विवाह ठरविण्याच्या सुमारास, आई वा मावशीसोबत येतात. आधी पाळीची अनियमितता सांगतात आणि अखेरीस ओढणी बाजूला करून विचारतात, ‘डॉक्टर, हे केस कायमचे जातील असा एखादा लेप आहे का?’ या प्रश्नाचे शास्त्रशुद्ध व प्रामाणिक उत्तर प्रत्येक वैद्याजवळ असले पाहिजे.

संहितोक्त विचार

चरकाचार्यांनी अष्टौनिन्दितीय अध्यायात अतिलोमा व अलोमा या दोहोंची गणना आठ निंदितांत केली आहे. केश व लोम हे अस्थिधातूचे मल होत, तसेच ते पितृज भावांत मोडतात, हेही आपण जाणतोच. घराण्यात वडिलांच्या बाजूच्या स्त्रियांना हाच त्रास होता काय, हे विचारणे म्हणूनच अप्रस्तुत ठरत नाही. मात्र मातृकुलाचीही चौकशी करावी.

सुश्रुताचार्यांनी चिकित्सास्थानाच्या पहिल्या अध्यायात व्रणाचे साठ उपक्रम सांगताना रोमसंजननाबरोबर लोमापहरणही सांगितले आहे. क्षुर, कर्तरी वा संदंशाने केस काढावेत. अथवा दोन भाग शंखचूर्ण व एक भाग हरताळ शुक्तामध्ये वाटून लेप करावा, असा तो विधी आहे. येथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली, हा उपक्रम केसांमुळे व्रण भरून येत नाही अशा प्रसंगासाठी आहे. दुसरी, असा लेप असो वा बाजारातील थायोग्लायकोलेटयुक्त मलम, त्याने त्वचेबाहेरील केस विरतो, त्वचेतील मूळ शाबूत राहते. ते शातन होय, निर्मूलन नव्हे. शिवाय हरताळ हे आर्सेनिकचे संयुग असून औषध व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या ‘ई-१’ परिशिष्टात विषद्रव्य म्हणून नोंदलेले आहे. चेहऱ्याच्या नाजूक त्वचेवर त्याचा वारंवार प्रयोग करणे हितावह नाही.

पक्ष्मकोपापासून विद्युत्सुईपर्यंत

केस मुळासह नष्ट करण्याचा विचार मात्र संहितेत अन्यत्र आढळतो. पक्ष्मकोपात पापणीचे केस आत वळून नेत्रगोलास घासतात. शस्त्रकर्माने शमन न झाल्यास पापणी उलटून दुष्ट भाग अग्नीने किंवा क्षाराने दग्ध करावा, असे सुश्रुताचार्य उत्तरतंत्रात सांगतात. विशेष असे की, आधुनिक विद्युत्-अपघटनाचा, म्हणजेच इलेक्ट्रोलिसिसचा, उगमही याच व्याधीच्या चिकित्सेत आहे. अमेरिकेतील सेंट लुईस येथील नेत्रवैद्य चार्ल्स मिशेल यांनी 1875 मध्ये आत वळलेल्या पापण्यांच्या केसांवर विद्युत्सुईचा प्रयोग प्रसिद्ध केला. पुढे हीच पद्धती मुखावरील केसांसाठी वापरात आली.

तिचे तत्त्व आपणास सहज समजेल असे आहे. केसाच्या कडेने अतिसूक्ष्म सुई केशकूपात उतरवितात व सौम्य एकदिश विद्युत्प्रवाह सोडतात. ही सुई ऋणाग्र असते. केशकूपातील पाणी व लवण यांचे अपघटन होऊन तेथे सोडियम हायड्रॉक्साईड, म्हणजे तीक्ष्ण क्षार, निर्माण होतो आणि तो केसाचे बीज असलेल्या पेशी नष्ट करतो. त्यानंतर केस चिमट्याने न ओढता अलगद निघून येतो. याला सूक्ष्म क्षारकर्म म्हणावयास हरकत नाही. भेद इतकाच की, क्षार बाहेरून लावला जात नाही, जागेवरच उत्पन्न होतो.

1924 मध्ये फ्रान्सच्या लिआँ येथील आंरी बोर्दिए यांनी उच्च वारंवारितेच्या प्रवाहाने उष्णता निर्माण करण्याची पद्धती पुढे आणली. तिला थर्मोलिसिस म्हणतात. आपल्या भाषेत ते अग्निकर्म. क्षार व अग्नि या दोहोंचा मेळ घालणारी ‘ब्लेंड’ पद्धती 1940च्या दशकात अमेरिकेत विकसित झाली. अग्निदग्ध व्याधी पुन्हा उद्भवत नाही, म्हणून अग्नि क्षाराहून श्रेष्ठ, असे सुश्रुतमत आहे. येथे मात्र अनुभव काहीसा उलटा आहे. उष्णतेची पद्धती जलद असते. पण वाकड्या केशकूपात सुईचे टोक मुळापर्यंत पोहोचत नाही, तर द्रवरूप क्षार तेथवर पसरतो.

लेसर व विद्युत्सुई

लेसरचा प्रकाश केसातील कृष्णवर्णी मेलॅनिन शोषून घेते. त्यामुळे काळ्या, जाड केसांवर तो उपयुक्त व जलद ठरतो. पांढऱ्या केसांवर त्याचा प्रभाव पडत नाही. सावळ्या त्वचेवर योग्य यंत्र न निवडल्यास भाजण्याचा व डाग पडण्याचा धोका असतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनानेही लेसरसाठी ‘केस कायमचे कमी करणे’ असा शब्द मान्य केला आहे. ‘कायमचे काढणे’ हा शब्द विद्युत्सुईकरिता वापरला जातो. विद्युत्सुईस केसाचा व त्वचेचा वर्ण आड येत नाही. परंतु एकेक केस स्वतंत्रपणे हाताळावा लागत असल्याने काम चिकाटीचे असते. सर्व केस एकाच वेळी वाढीच्या अवस्थेत नसतात, म्हणून अनेक महिने पुन्हा पुन्हा बैठका घ्याव्या लागतात. आपल्या भागातील रुग्णेस त्यासाठी बहुधा पनवेल, पुणे वा मुंबई गाठावी लागते. एस.टी.चे भाडे, बुडणारी मजुरी, घरच्यांची संमती हा सर्व हिशेब तिच्यापुढे आधीच मांडावा. अर्धवट सोडलेल्या उपचाराने पैसा जातो व निराशा पदरी येते.

आधी निदान

केस हे लक्षण आहे, हे विसरून चालणार नाही. अनियमित पाळी, मेदोवृद्धी, मुखदूषिका यांसह केस वाढले असल्यास बीजकोषातील ग्रंथींचा विकार, म्हणजे पी.सी.ओ.एस., प्रथम विचारात घ्यावा. केस अल्पावधीत झपाट्याने वाढणे, आवाज घोगरा होणे, पुरुषांप्रमाणे टक्कल पडू लागणे ही लक्षणे दिसल्यास बीजकोष वा अधिवृक्क ग्रंथीच्या अर्बुदाची शंका घेऊन रुग्णेस विनाविलंब तज्ज्ञाकडे पाठवावे. फेनिटॉइनसारखी औषधे चालू आहेत काय, हेही विचारावे. गोरेपणासाठी म्हणून कुणाच्या सल्ल्याशिवाय महिनोन्‌महिने लावलेल्या स्टेरॉईडयुक्त मलमांनीही चेहऱ्यावर केस येतात. अशा मुलींच्या पिशवीतील ट्यूब पाहिल्याखेरीज निदान पुरे होत नाही.

आपले कार्यक्षेत्र येथे मोठे आहे. आहार, व्यायाम, लेखन व अपानानुलोमन यांवर भर देऊन आर्तव व मेद यांचा विचार करावा. वजन उतरल्याने पाळी सुधारण्यास निश्चित साहाय्य होते. मूळ कारण नियंत्रणात न आणता केवळ सुई चालविल्यास शेजारचे कोवळे लोम पुढे जाड होत राहतात. उलटपक्षी, एकदा जाड झालेला केस पोटातील औषधाने गळून पडेल, असे आश्वासन देऊ नये.

दक्षता

हृदयात पेसमेकर असणे, व्रणवस्तू जाड होण्याची, म्हणजे केलॉइडची, प्रवृत्ती व त्या जागी चालू त्वचाविकार असताना हा उपचार टाळावा. मधुमेहात विशेष काळजी घ्यावी. सुई निर्जंतुक व एकदाच वापरण्याची असावी, कारण हिपॅटायटिस-बी व एच.आय.व्ही.चा धोका क्षुल्लक नाही. उपचारापूर्वी काही आठवडे वॅक्सिंग, थ्रेडिंग वा उपटणे बंद ठेवावे. केस जागेवर असल्याखेरीज सुईस मार्ग मिळत नाही. वाढ दिसू नये म्हणून कात्रीने कापण्यास हरकत नाही. नंतर दोन दिवस ऊन, घाम व प्रसाधने टाळावीत. उन्हेऱ्याच्या उष्ण कुंडातील स्नानही त्या काळात वर्ज्य समजावे. आलेली खपली खरवडू नये. क्षाराचा अतियोग झाल्यास खड्डे व काळे डाग राहतात, म्हणून हे कर्म प्रशिक्षित हातांनीच व्हावे.

केस घालविण्याच्या घाईत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पाश्चात्त्य देशांत क्ष-किरणांचा सर्रास वापर झाला आणि पुढे अनेक स्त्रियांना त्वचेचे कर्करोग झाले. ‘कायमचे’ या शब्दामागे धावताना काय घडू शकते, याची ही साक्ष आहे. आपल्या दारी आलेल्या मुलीस खोटी आशा न देता तिचे निदान करावे, कारणाची चिकित्सा करावी व योग्य ठिकाणी पाठवावे. तिच्या आईलाही आवर्जून सांगावे की, हा मुलीचा दोष नव्हे, उपचार करता येण्याजोगा विकार आहे. पुष्कळदा तिला सर्वांत आधी लागणारे औषध हेच असते.