रजतकण आणि चित्रबिंदू

पुष्कळ घरांत बैठकीच्या खोलीतील भिंतीवर जुन्या काळचे एखादे कृष्णधवल छायाचित्र टांगलेले असते. आजोबा खुर्चीवर ताठ बसलेले असतात आणि शेजारी आजी नऊवारी लुगड्याचा पदर सावरून उभी असते. छायाचित्र घेतल्यास साठ-सत्तर वर्षे लोटलेली असतात. परंतु जवळ जाऊन पाहिले, तर आजोबांच्या कोटाची वीण आणि आजीच्या नथीतील एकेक मोती वेगळा दिसतो. त्याच भिंतीखाली बसून आज आपण डिजिटल कॅमेऱ्याने पाहता पाहता दहा छायाचित्रे घेतो. तेव्हा असा प्रश्न सहजच मनात येतो, की या दोहोंपैकी अधिक चांगले चित्र कोणते? फिल्मवरचे, की डिजिटल कॅमेऱ्यातले? प्रश्न साधा दिसतो. पण ‘चांगले’ म्हणजे काय, हे ठरविल्यावाचून त्याचे उत्तर देता येत नाही.

स्टुडिओतील अशी छायाचित्रे पुष्कळदा १२० क्रमांकाच्या रोलवर घेतलेली असत. हा रोल अमेरिकेतील कोडॅक कंपनीने १९०१ साली प्रचारात आणला आणि तो आजही मिळतो. त्यावर सहा सेंटिमीटर रुंदीचे चौकोनी किंवा लांबट चित्र उमटते. या आकारास छायाचित्रकार ‘मीडियम फॉरमॅट’, म्हणजे मध्यम आकार, असे म्हणतात. कारण तो ३५ मिलिमीटरच्या लहान फिल्मपेक्षा मोठा आणि मोठ्या कॅमेऱ्यात घालावयाच्या सुट्या फिल्मपेक्षा लहान असतो. १९२९ साली जर्मनीत तयार झालेला रोलीफ्लेक्स हा या जातीचा एक नामांकित कॅमेरा होय. त्याला एकावर एक अशी दोन भिंगे असतात. वरच्या भिंगातून पाहावयाचे आणि खालच्या भिंगातून चित्र घ्यावयाचे. छायाचित्रकार तो पोटाशी धरून, मान खाली घालून वरच्या काचेत पाहत असे. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या आणि भारतातील पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार म्हणून विख्यात झालेल्या होमाई व्यारावाला यांच्या हातीही रोलीफ्लेक्स असे.

या मध्यम आकाराच्या फिल्मने एके काळी चंद्राचीही यात्रा केली. जुलै १९६९ मध्ये नील आर्मस्ट्राँग व एडविन ऑल्ड्रिन चंद्रावर उतरले, तेव्हा त्यांच्याजवळ स्वीडनमध्ये बनलेला हॅसलब्लाड कॅमेरा होता. त्यातील फिल्मवर सुमारे साडेपाच सेंटिमीटर बाजूचा चौकोन उमटत असे. परतीच्या प्रवासात वजन वाचावे म्हणून कॅमेरा चंद्रावरच सोडण्यात आला. मात्र फिल्मची पेटी जपून पृथ्वीवर आणली गेली. योगायोग असा, की त्याच वर्षीच्या ऑक्टोबर महिन्यात अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ या दोन शास्त्रज्ञांनी, प्रकाशाचे विद्युतभारात रूपांतर करून तो क्रमाने मोजून घेणाऱ्या एका लहानशा साधनाची कल्पना मांडली. त्याचे नाव सीसीडी. याच शोधाबद्दल त्या दोघांना २००९ साली भौतिकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. अशा रीतीने फिल्मच्या वैभवाचे वर्ष हेच तिच्या प्रतिस्पर्ध्याच्या जन्माचेही वर्ष ठरले.

या दोन पद्धतींत मूळचा भेद काय आहे, ते पाहू. फिल्मवर जिलेटिनचा पातळ थर असतो आणि त्यात चांदीच्या क्षारांचे असंख्य सूक्ष्म स्फटिक विखुरलेले असतात. प्रकाश पडलेल्या स्फटिकांत एक अदृश्य बदल घडतो. पुढे काळोख्या खोलीत फिल्म रसायनात बुडविली, की त्या स्फटिकांचे काळ्या रजतकणांत रूपांतर होते. ज्यांवर प्रकाश पडला नाही, ते स्फटिक हायपोच्या द्रावणात विरघळून निघून जातात. हे कण सारख्या आकाराचे नसतात आणि ओळीनेही बसलेले नसतात. रांगोळीच्या चिमटीतून सांडलेल्या कणांप्रमाणे ते वाटेल तसे पसरलेले असतात. चित्र फार मोठे केले, तर हेच कण खरखरीत पोताच्या रूपाने डोळ्यांस दिसू लागतात.

येथेच मध्यम आकाराचे महत्त्व कळून येते. ३५ मिलिमीटरच्या फिल्मवरील चित्र २४ मिलिमीटर उंच व ३६ मिलिमीटर रुंद असते. १२० च्या रोलवरील चौरस चित्राची बाजू ५६ मिलिमीटर असते. म्हणजे त्याचे क्षेत्रफळ साडेतीनपटींहून अधिक भरते. समजा, आपणांस ५६ सेंटिमीटर उंचीचे चित्र भिंतीवर लावावयाचे आहे. त्यासाठी लहान फिल्म २३ पटींहून अधिक वाढवावी लागेल. मध्यम फिल्म केवळ १० पट. फिल्म एकाच जातीची असली, तरी दुसऱ्या चित्रातील कण निम्म्याहूनही लहान दिसतील. आजीच्या नथीतील मोती स्पष्ट दिसतात, त्याचे रहस्य हेच होय.

डिजिटल कॅमेऱ्यात फिल्मच्या जागी संवेदक असतो. त्यावर अतिसूक्ष्म प्रकाशग्राही घरांच्या नेटक्या ओळी असतात. प्रत्येक घर आपल्यावर पडलेला प्रकाश मोजते आणि त्याचा अंक बनविते. अशा एका घराच्या नोंदीस आपण चित्रबिंदू म्हणू; व्यवहारात त्यास पिक्सेल म्हणतात. हे घर केवळ प्रकाश किती ते जाणते, रंग जाणत नाही. म्हणून ब्राइस बेयर या शास्त्रज्ञाने योजिल्याप्रमाणे प्रत्येक घरावर एकाच रंगाची गाळणी बसविलेली असते. निम्म्या घरांवर हिरवी, पाव घरांवर तांबडी आणि पाव घरांवर निळी. उरलेले दोन रंग शेजारच्या घरांवरून हिशेबाने भरून काढले जातात. त्यामुळे बिंदूंची जी संख्या सांगितली जाते, तितका तपशील चित्रात पुरतेपणी नसतो.

१९७५ साली कोडॅक कंपनीतील अभियंता स्टीव्हन सॅसन याने पहिला डिजिटल कॅमेरा तयार केला. त्याच्या चित्रात अवघे १० हजार बिंदू होते आणि एक चित्र फितीवर नोंदावयास २३ सेकंद लागत. पुढे २००२ साली कॅनन कंपनीने १ कोटी १० लाख बिंदूंचा व्यावसायिक कॅमेरा आणला. त्याचा संवेदक ३५ मिलिमीटरच्या फिल्मवरील चित्राएवढा होता. तेव्हापासून छायाचित्रकारांत मोठा वाद माजला. हा कॅमेरा मध्यम आकाराच्या फिल्मची बरोबरी करतो, असे कित्येक म्हणत. कित्येकांना ते मुळीच पटत नसे.

आपण थोडा हिशेब करून पाहू. उत्तम भिंग, स्थिर तिपाई आणि बारीक कणांची फिल्म असेल, तर फिल्मच्या एका मिलिमीटरात काळ्या-पांढऱ्या रेषांच्या ५० जोड्या वेगळ्या उमटतात असे समजू. प्रत्येक जोडीस दोन बिंदू लागतात. म्हणजे एका मिलिमीटरात १००, ५६ मिलिमीटरांत ५,६०० आणि संपूर्ण चौरसात ३ कोटी १३ लाखांहून अधिक बिंदू झाले. १ कोटी १० लाखांचा कॅमेरा यापुढे उघडच उणा दिसतो. मग त्याची बाजू घेणारे चुकत होते काय? तसे म्हणता येणार नाही. फिल्मवरील अगदी बारीक रेषा फिकट उमटतात आणि कणांच्या खरखरीत बुडून जातात. उलट, संवेदक आपल्यावर पडलेल्या प्रकाशाचा फिल्मपेक्षा पुष्कळ मोठा भाग नोंदून घेतो; म्हणून त्याचे चित्र नितळ दिसते. शिवाय वाचनाच्या अंतरावरून आपल्या डोळ्यांस एका मिलिमीटरात दहा-बारांहून अधिक बिंदू फारसे वेगळे दिसत नाहीत. त्या कॅमेऱ्याच्या चित्राच्या लांब बाजूवर ४,०६४ बिंदू होते. ४० सेंटिमीटर लांबीच्या छापील चित्रात ते मिलिमीटरास दहा पडतात, आणि तेवढे डोळ्यास पुरतात. ८० सेंटिमीटरच्या चित्रात मात्र ते पाचच पडतात. मध्यम फिल्म तेथे सात पुरविते. लहान चित्र पाहणारा आणि मोठे चित्र पाहणारा, दोघेही आपापल्या परीने खरे बोलत होते.

अशा तुलनांत आणखी एक चूक पुष्कळदा होत असे. फिल्मवरील चित्र पडद्यावर दाखविण्यासाठी ते आधी स्कॅनर यंत्राने उतरवून घ्यावे लागते. हे यंत्र हलक्या प्रतीचे असेल, तर त्याचा दोष फिल्मच्या माथी बसतो. म्हणून न्याय्य तुलना करावयाची, तर दृश्य एकच हवे, भिंगे सारख्या तोलाची हवीत, दोन्ही कॅमेरे तिपाईवर हवेत, आणि दोन्ही चित्रे एकाच आकारात छापून एकाच अंतरावरून पाहावयास हवीत.

तपशील हाच काही चित्राचा एकमेव गुण नव्हे. भर दुपारी पांढऱ्याशुभ्र धोतरातील मनुष्य वाड्याच्या ओसरीवर उभा आहे, असे समजा. संवेदकाचे घर भांड्यासारखे आहे. ते काठोकाठ भरले, की पुढचा प्रकाश वाया जातो आणि धोतराच्या चुण्या नाहीशा होऊन तेथे कोरा पांढरा डाग उरतो. निगेटिव्ह फिल्म मात्र तीव्र प्रकाशापुढे हळूहळू मंदावते. त्यामुळे त्या चुण्या बऱ्याच अंशी टिकतात. याउलट ओसरीच्या अंधाऱ्या कोपऱ्यातील तपशील आधुनिक संवेदक सहज वर काढतो. फिल्मवर तेथे काहीच हाती लागत नाही. म्हणूनच निगेटिव्ह वापरणारा छायाचित्रकार सावलीचा अंदाज घेऊन चित्र घेतो आणि डिजिटल वापरणारा उजेडाचा.

आता संवेदकांनीही मध्यम आकार गाठला आहे. २०१८ साली फेज वन कंपनीने सुमारे ५४ बाय ४० मिलिमीटरच्या संवेदकावर १५ कोटी बिंदू बसविले. तपशिलाच्या शर्यतीत १२० ची फिल्म मागे पडली, हे मान्य केले पाहिजे. तरीही काही कलावंत ती आवडीने वापरतात. रोलवर बाराच चौरस चित्रे येतात. म्हणून प्रत्येक चित्रापूर्वी थांबून विचार करावा लागतो, आणि रजतकणांचा तो पोतही त्यांस प्रिय असतो.

टिकाऊपणाचा प्रश्न मात्र वेगळा आहे. चंद्रावरून आणलेली फिल्म अमेरिकेत ह्यूस्टन येथे अतिशीत कोठडीत जपून ठेवलेली आहे, आणि अलीकडच्या काळात तिच्यावरून उत्तम डिजिटल प्रती काढण्यात आल्या. परंतु त्याच मोहिमेचे दूरचित्रण ज्या मूळ चुंबकीय फितींवर नोंदले होते, त्या फिती बहुधा पुसून पुन्हा वापरल्या गेल्या, असा निष्कर्ष २००९ साली निघाला. फितीवरील नोंद डोळ्यांना दिसत नाही. यंत्रावाचून ती मुकी असते. डिजिटल चित्राचेही तसेच आहे. त्याच्या हव्या तितक्या हुबेहूब प्रती निघतात, हा त्याचा मोठा गुण. पण कोणी वेळोवेळी त्या प्रती काढल्या नाहीत, तर ते एका क्षणात नष्ट होते. फिल्मही अमर नाही. कोकणासारख्या दमट हवेत तिला बुरशी लागते आणि रंगीत फिल्मचे रंग विटतात. तथापि जपून ठेवलेली निगेटिव्ह खिडकीच्या उजेडात धरली, की कोणत्याही यंत्रावाचून आजोबांचा चेहरा ओळखू येतो.

तेव्हा कोणी आपणांस विचारले, की यांपैकी श्रेष्ठ कोणते, तर आपण आधी त्यालाच विचारावे : चित्र केवढे हवे, उजेड कसा आहे आणि ते किती वर्षे टिकावयास हवे? मग आपल्या घरातील जुन्या निगेटिव्ह कोठे आहेत आणि नव्या छायाचित्रांच्या प्रती कोणी काढून ठेवल्या आहेत काय, याचीही चौकशी करावी. आजी-आजोबांची छायाचित्रे आपल्यापर्यंत पोहोचली, ती कोणीतरी जपली म्हणूनच.